भगवानरावांचा वादळ-बंदोबस्त

"यंदा वाऱ्याले माह्या अंगणात यायचं असन, तर चपला बाहेर काढून या लागन! सांगून ठेवतो!"

भगवानराव हे बोलले तेव्हा पान हलत नव्हतं. मे महिन्यातली टळटळीत दुपार. बायको लीलाबाई अंगणात कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या, आणि दुसरं ऐकायला होती फक्त म्हैस. तिनं एक कान हलवला. भगवानरावांनी तो पाठिंबा समजला.

वाघझरी हे दिग्रसच्या अलीकडचं गाव. भगवानरावांचं घर गावाच्या टोकाला, अगदी वावराला लागून. भिंती विटांच्या, चांगल्या भक्कम. वर निळ्या रंगाच्या टिना. तो निळा रंग त्यांनी स्वतः दिग्रसला जाऊन निवडला होता आणि पाहुण्यांना ते घर दाखवायच्या आधी छप्पर दाखवायचे.

पण मागच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. अशाच वादळात गोठ्याची एक टिन उडाली. उडाली म्हणजे काय, पतंगासारखी गिरक्या घेत आली आणि मुलगा नयन जिथं बैल सोडत उभा होता, तिथून हातभर अंतरावर जमिनीत सपकन रुतून बसली! नयनला काही झालं नाही. तो तर हसला! म्हणाला, "बाबा, नेम चुकला तिचा!" भगवानरावही हसले. पण हसताना त्यांचे हात धोतरामागं लपवलेले होते, कारण हातांची थरथर थांबायला तयार नव्हती.

तेव्हापासून त्यांनी वाऱ्याची धास्तीच घेतली होती. लिंबाची फांदी हलली की ते जेवणावरून उठायचे. लीलाबाईंनी पंखा तीनवर केला की ते गुपचूप दोनवर आणायचे. आणि यंदा तर लेक सुरभी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला! चपलांची भाषा त्या भीतीपोटी आलेली होती. भीती वाटली की भगवानरावांचा आवाज चढायचा, ही त्यांची जुनी खोड.

त्याच दुपारी फोन बोंबलला. वाजला नाही, बोंबलला! घरातले सगळे फोन एकदम, भोंगा वाजावा तसे. म्हैस दावणीला उभ्या उभ्या फिरली. सुरभी बाजेवरून अर्धी उठली. भगवानरावांनी फोन हातभर लांब धरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'यवतमाळ जिल्ह्यात येत्या काही तासांत विजांच्या कडकडाटासह सोसाट्याचा वारा... झाडाखाली थांबू नये. विजेची उपकरणं बंद ठेवावी. टिनाच्या छपराखाली आसरा घेऊ नये, पक्क्या घरात जावं...'"

"मंग झालं तं," लीलाबाई हात झटकत उठल्या. "चाला, देवसिंगभाऊच्या घरी जाऊ. त्यायचं स्लॅबचं घर हाय. पोरीले घेऊन उजेड हाय तवरोक निंगू."

देवसिंग नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा. दोघांची वावरं शेजारी शेजारी, आणि दोस्ती लहानपणापासूनची. जाणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण भगवानरावांचा आवाज चढला.

"काहून? मले घर नाई? जिनगानीभर या छपराखाली झोपलो, अन् आता एका फोनच्या भेवानं लोकाच्या दारात जाऊ?"

"अवो, त्यातच लिवलं हाय न, पक्क्या घरात जा म्हणून!"

"हाव! तेच करून राह्यलो!" भगवानराव म्हणाले. "घर पक्कं करून राह्यलो! नयन! दोर आण!"

"कोणता?"

"हाय तेवढे सारे!"

आणि मग वादळाच्या आधीचं वादळ सुरू झालं. विहिरीचा दोर आला, बैलांचे कासरे आले, गंजीवरचा नायलॉनचा दोर आला. कपडे वाळत घालायची दोरी आली, तीसुद्धा कपड्यांसकट. भगवानरावांनी पाण्याचा ड्रम बांधला, बाज बांधली, खुराडं बांधलं. आतल्या कोंबड्या फटीतून पाहत होत्या की आपला गुन्हा काय! घर आता घर दिसत नव्हतं, बाजारात न्यायला आवळलेलं गाठोडं दिसत होतं.

"बाबा, आता मलेही बांधता का?" सुरभीनं विचारलं.

"तू हासू नको. तू आत बस. खिडकीजवळ नको! टेबलाखाली बस!"

"बाबा, या पोटानं मी टेबलाखाली कशी बसू?"

"मंग टेबलाजवळ बस!"

राहिलं छप्पर. एक लांब दोर छपरावरून टाकला. एक टोक लिंबाच्या बुंध्याला. दुसरं टोक कशाला बांधावं? अंगणात ट्रॅक्टर उभा होता, मागं ट्रॉली जोडलेली. भगवानराव त्याच्याकडे बघत राहिले आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"नयन, हा टॅक्टर वाऱ्यानं हालन?"

"नाई हालणार."

"मंग ज्याले टॅक्टर बांधला, ते हालन?"

नयननं डोकं खाजवलं. हिशेब बरोबर होता. त्यानं दोर ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरला आवळला आणि बैल सोडायला गोठ्याकडे गेला. यंदा जनावरं वेळेवर सोडायची, हे मात्र बापलेकांनी ठरवून ठेवलं होतं.

पण भगवानरावांचं मन भरेना. पोराच्या गाठी त्यांना ठाऊक होत्या. त्याच्या बुटाची नाडी रस्त्यातच सुटायची! त्यांनी विहिरीचा जाड दोर घेतला, भिंतीला शिडी लावली आणि टिना ज्या लोखंडी पाइपांवर ठोकलेल्या होत्या त्यातल्या मधल्या पाइपाला दोन वेढे दिले. मग खाली उतरले, ट्रॉलीखाली पोटावर सरपटत गेले, आणि दुसरं टोक चाकांमधल्या लोखंडी दांड्याला अशा गाठीनं बांधलं की ती गाठ सोडवायला पुन्हा जन्म घ्यावा लागला असता.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पोराला वाईट वाटू नये, एवढाच विचार!

संध्याकाळ व्हायच्या आत पश्चिमेकडून आभाळ उठलं. आधी तांबूस, मग काळं, मग धड कोणत्याच रंगाचं नाही असं. वाऱ्याची पहिली झडप आली आणि कैरीच्या फोडी कुत्र्यासारख्या अंगणभर धावत सुटल्या. लाइट गेली. फोनची रेंज गेली. धुळीनं समोरचा लिंब दिसेना.

सगळे मधल्या खोलीत जमिनीवर बसले. डोक्यावर टिना थरथरत होत्या, एकेक खिळा वेगळं बोलत होता. भगवानराव भिंतीला पाठ लावून वर बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. लीलाबाईंना वाटलं देवाचं नाव घेतायत. ते म्हणत होते, "टॅक्टर हाय. टॅक्टर हाय. टॅक्टर हाय."

एवढ्यात सुरभी कळवळली. "आई गं!"

"काय झालं?"

वाऱ्यानं अर्धे शब्द खाल्ले. "...ळा आला! आई गं, ...ळा!"

"कळा?" लीलाबाई ताडकन उठल्या. "अवो, पोरीले कळा आल्या!"

"नाई, आई, मले—"

"बोलू नको, बाई! श्वास घे! तोंडानं घे!"

"अगं पण मले पा—"

"पाणी देतो! नयन, पाणी आण! नाई, पाणी नको! गाडी! गाडी कोठी हाय?" भगवानराव मधेच ओरडले.

गाडी म्हणजे नयनची मोटारसायकल. त्यावर या अवस्थेतली बाई बसवायची? आणि या वाऱ्यात? भगवानरावांनी फोन कानाला लावला, तर त्यात फक्त शांतता. लेकीचा चेहरा पिळवटलेला, तिनं दोन्ही हातांनी पाय आवळून धरलेला. भगवानरावांच्या डोळ्यांपुढं मागच्या वर्षीची ती टिन आली, हातभर अंतरावर रुतलेली. त्यांच्या डोक्यातलं सगळं साफ झालं. इतकं साफ, की तिथं काहीच उरलं नाही.

"टॅक्टर काढ!" ते ओरडले.

"बाबा, पण तो तं बांध—"

"माह्या पोरीपरीस जास्त हाय का काही? काढ म्हणतो न, टॅक्टर!"

नयन बिचारा धूळ डोळ्यांत घेत बाहेर धावला. बंपरची गाठ सोडायला त्यानं हात लावला, तर ती आपोआप सुटली. बापाचा अंदाज चुकीचा नव्हता. एकच दोर आपण बांधला होता, एकच सोडला. आता तो काय ट्रॉलीखाली वाकून बघणार होता?

तेवढ्यात वारा दम खायला थांबल्यासारखा झाला. लीलाबाईंनी ट्रॉलीत गादी टाकली, दोघांनी सुरभीला अलगद वर घेतलं, तिघांवर ताडपत्री ओढली. सुरभी अजून काहीतरी सांगत होती.

"बाबा, आयका तं, मले आता बरं—"

"बरं वाटनच, बेटा! दवाखान्यात गेलं का बरंच वाटन! चालव रे!"

नयननं क्लच सोडला. ट्रॅक्टर निघाला, थोडा पुढं जाऊन अडखळला, जसं कोणी मागून धोतर धरावं. नयनला वाटलं चाक खड्ड्यात आहे. त्यानं रेस दिली. त्याच क्षणी वीज कडाडली आणि मागं असा काही आवाज झाला, की जणू हजार ताटं एकदम विहिरीत पडली!

"वीज पडली!" भगवानराव ओरडले. "आपल्या घरावर पडली! पळव, नयन!"

ट्रॅक्टर सुसाट सुटला. आणि मागून आवाज येऊ लागला. खडखड, खणखण, धडाड! थांबेना. उलट पाठोपाठ. भगवानरावांनी ताडपत्रीचा कोपरा उचलून मागं बघितलं. अंधारल्या धुळीत एक भलंमोठं काहीतरी, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेलं, लोळण घेत त्यांच्या मागं येत होतं. मधेच खालून ठिणग्या उडत होत्या.

भगवानरावांनी ताडपत्री झाकली.

"काय हाय?" लीलाबाईंनी विचारलं.

"वादळ," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "आपल्या मागं लागलं."

"वादळ कोणाच्या मागं लागते का, अवो?"

"हे लागलं! नयन, जोरानं!"

नयननं वेग वाढवला. वादळानंही वाढवला. वळणावर ट्रॅक्टर वळला, वादळ वळलं. नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, रपट्यावर, ट्रॅक्टर उसळला, वादळ उसळलं! भगवानरावांनी आयुष्यात चांगली-वाईट माणसं पाहिली होती, पण इतकं चिकट वारं पाहिलं नव्हतं. त्यांनी एका हातानं लेकीचं डोकं आणि एका हातानं बायकोचं मनगट धरलं. चपलांची भाषा कुठल्या कुठं गेली होती. मनातल्या मनात ते वाऱ्याला म्हणत होते, मले ने बापा, पण पोरीले सोड.

तांड्याच्या फाट्यावर नयननं करकचून ब्रेक दाबला. पुढं दिग्रसच्या रस्त्यावर एक बाभूळ आडवी पडली होती, तारांसकट.

"तारांजवळ जाऊ नको!" लीलाबाई ओरडल्या. "देवसिंगभाऊकडं घे! जमनीबाई हाय तिथी!"

देवसिंगच्या दारात ट्रॅक्टर थांबला आणि मागचा आवाजही थांबला. कंदील घेऊन देवसिंग बाहेर आला. त्याच्या मागं त्याची बायको जमनीबाई. देवसिंगनं कंदील वर केला. आधी ट्रॅक्टर बघितला. मग ट्रॉली बघितली. मग ट्रॉलीच्या मागं बराच वेळ बघत राहिला.

"भगवानराव," तो म्हणाला, "यायचंच होतं तं या न. घर कायले संगं आणलं?"

भगवानरावांनी वळून पाहिलं. कंदिलाच्या उजेडात निळा रंग चमकत होता. दिग्रसला स्वतः जाऊन निवडलेला. टिना दुमडल्या होत्या, चेपल्या होत्या, अर्ध्या वाटेत सांडल्या होत्या. पण मधला पाइप शाबूत होता आणि त्याला बांधलेला विहिरीचा दोर, त्यांच्या स्वतःच्या हातच्या गाठीसकट, सरळ ट्रॉलीखाली गेला होता.

गाठ सुटली नव्हती. एवढं मात्र त्यांनी पाहून घेतलं.

"म्या तं दोर सोडलता," नयन पुटपुटला.

"तू तुया सोडला," भगवानराव खालच्या आवाजात म्हणाले.

लीलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. पण आधी पोरगी! तिला धरून आत नेलं, बाजेवर बसवलं. जमनीबाईंनी तांड्यातल्या कितीतरी बाळंतिणी पाहिलेल्या. त्यांनी सुरभीच्या पोटावर हात ठेवला, कपाळाला हात लावला.

"कांई वेगो, छोरी?" त्यांनी विचारलं. "काय झालं? कोठी दुखते?"

सुरभीनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. आता कोणी मधे बोलत नाही याची खात्री करून घेतली.

"पोटरीत," ती म्हणाली. "पोटरीत गोळा आलता. टेबलाजवळ पाय दुमडून बसलतो न आम्ही! कवाचा सुटला तो. ट्रॉलीत चढली तवाच सुटला. कोणी आयकूनच घेत नाई माहं!"

जमनीबाईंनी पोटावरचा हात काढून पोटरीवर ठेवला.

"गोळा?" लीलाबाई म्हणाल्या.

"गोळा."

"कळा नाई?"

"कळा काहून येतीन, आई? अजून दिवस हायेत!"

देवसिंगच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. त्यानं तो खोकल्यासारखा करायचा प्रयत्न केला, पण मिशी हलायची थांबेना. शेवटी तो कंदील ठेवायच्या निमित्तानं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

आणि तेव्हाच खरं वादळ आलं.

मघाचं काहीच नव्हतं. आता वारा असा आला, जणू कोणीतरी तांडाच उचलून बघतंय. दार लोखंडी, तरी देवसिंग आणि नयन दोघांनी त्याला पाठी लावल्या. बाहेर काहीतरी धडधडत गेलं, कुठं तरी काचा फुटल्या, झाड मोडल्याचा लांबलचक आवाज आला. गारा पडू लागल्या. जमनीबाईंनी सगळ्यांना खिडकीपासून दूर, आतल्या कोपऱ्यात घेतलं. कोणी हसत नव्हतं.

भगवानराव लेकीच्या पायाशी बसले होते. त्यांनी तिची पोटरी मांडीवर घेतली होती आणि ते हळूहळू चोळत होते. गोळा केव्हाच गेलेला, पण ते चोळत होते. वर बघत होते आणि चोळत होते. वर स्लॅब होता. तो हलत नव्हता, बोलत नव्हता.

"बाबा," सुरभी हळूच म्हणाली, "तुमचे हात थरथरून राह्यले."

भगवानरावांनी हात लपवायला धोतर शोधलं, मग सोडून दिलं.

"मले लय भेव लागते वं, बेटा," ते म्हणाले. "मागच्या साली ती टिन नयनपाशी पडली, तवापासून. वारा आला का मले काही सुचत नाई. मंग म्या बोंबलतो अन् काहीबाही बांधत सुटतो."

नयन दाराला पाठ लावून उभा होता. त्यानं ऐकलं. मागच्या वर्षी तो नेम चुकला म्हणून हसला होता. आता तो हसला नाही. म्हणाला, "भेव तं मलेही लागलतं, बाबा. म्हणूनच हासलो तवा."

जमनीबाईंनी चुलीवर चहा ठेवला. गारा थांबल्या, वारा उतरला, पावसाचा साधा आवाज तेवढा राहिला. भगवानरावांना बसल्या बसल्या डोळा लागला, लेकीचा पाय मांडीवरच.

सकाळी सगळे घरी आले. घर म्हणजे भिंती. आत पाणी, पाण्यात टेबल, टेबलावर ओली कोंबडी. ती खुराड्यातून कशी सुटली ते तिलाच ठाऊक. गावात बऱ्याच जणांच्या टिना उडाल्या होत्या, गोठे पडले होते, पण माणूस कोणी दगावलं नव्हतं. अंगणातला लिंब मात्र मुळासकट उपटून घरावर आडवा झाला होता. नेमका मधल्या खोलीवर. टिना असत्या तरी त्यानं त्या पापडासारख्या मोडल्या असत्या, खाली बसलेल्यांसकट. लीलाबाईंनी हे नीट बघून घेतलं. नवऱ्याशी जे कडाक्याचं भांडण त्या रात्रभर मनात शिजवत होत्या, ते तिथंच निम्मं झालं. निम्मं शिल्लक होतं.

दुपारी तलाठी बाई नुकसान पाहायला आल्या. नव्यानं रुजू झालेल्या, चांगल्या हुशार. त्यांनी भिंती पाहिल्या, लिंब पाहिला, फोटो काढले. मग रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळाला आठी घालून परत आल्या.

"काका, काल वारा पश्चिमेकडून होता. सगळ्या गावाच्या टिना पूर्वेला उडाल्या. बरोबर?"

"बरोबर," भगवानराव म्हणाले.

"तुमच्या मात्र पश्चिमेला गेल्या. वाऱ्याच्या विरुद्ध. त्यातही सरळ नाही, रस्त्यानं गेल्या. वळणावर वळल्या, रपटा ओलांडला आणि तांड्यावर एका घरासमोर थांबल्या." त्यांनी हातातली वही मिटली. "असं वारं मी कधी पाहिलं नाही."

भगवानरावांनी खोटं बोलायला तोंड उघडलं. पण समोर नयन उभा, सुरभी उभी, आणि दोर अजून ट्रॉलीखालीच. त्यांनी तोंड मिटलं. मान खाली घातली.

"आमच्याकडचं वारं येगळं हाय, मॅडम," शिल्लक राहिलेल्या निम्म्या भांडणातून लीलाबाई बोलल्या. "त्याले डिझल टाका लागते."